दिवाळी ते मृग: ट्रेलरवरची बोट आणि तिचं इंजिन कसं जपायचं

पुराच्या कामाची किंवा मासेमारीची बोट पाण्यावर असताना सहसा बिघडत नाही. ती बिघडते टिनाच्या शेडमध्ये, काही काम नसताना. ऑक्टोबरमध्ये जशी ओढून आणली तशीच ठेवून दिलेली बोट जूनमध्ये बाहेर काढली, की दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि इंजिन ढिम्म हलत नाही. मग मेस्त्री कार्बोरेटर उघडतो आणि आत हिरवट-पिवळा चिकट थर सापडतो. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा आणि प्राणहितेच्या काठावरच्या गावांना हे परवडणारं नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या कितीतरी गावांना वेढा घातला होता. अशा वेळी बोट पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू व्हायला हवी.

हे मार्गदर्शन १५ ते ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं, इंजिन असलेल्या, ट्रेलरवर चढणाऱ्या बोटींसाठी आहे. फायबर, अॅल्युमिनियम आणि हवा भरायच्या रबरी, अशा तिन्ही प्रकारच्या बोटी यात आल्या. संस्थेची बोट गोसेखुर्दच्या बुडीत पाण्यात चालत असो, नवेगावबांधला असो की एखाद्या मोठ्या मामा (माजी मालगुजारी) तलावात, काम तेच. शेवटचा फेरा झाल्यापासून आठवड्याच्या आत दोन माणसांनी एक पूर्ण दिवस दिला की ते आटोपतं.

आपल्याकडचा हिवाळा नेमकं काय करतो

बोटीच्या हिवाळ्याबद्दल जी माहिती आणि जे व्हिडिओ सापडतात, ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाच्या आत राहिलेलं पाणी ब्लॉकला तडा देतं, म्हणून तिथे इंजिनात अँटिफ्रीझ भरतात. विदर्भात याची गरज नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण तेवढ्याने इंजिनातलं पाणी गोठत नाही. अँटिफ्रीझवर पैसे घालवू नका.

आपल्याकडे नुकसान होतं ते दिवस-रात्रीच्या फरकामुळे. पहाटे दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस-तीस. दिवसा अर्धवट भरलेल्या टाकीतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि पहाटे टाकीच्या भिंतीवर तिचं पाणी होतं. रोज थेंबभर म्हटलं तरी चार महिन्यांत पुष्कळ होतं. त्यात आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि एका मर्यादेपर्यंत आपल्यात मुरवून ठेवतं. थंडी वाढली की ही मर्यादा खाली येते. मग एखाद्या कडाक्याच्या रात्री पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होऊन बसतात. इंजिन पेट्रोल ओढतं ते तळातूनच, त्यामुळे सगळ्यात आधी तोच थर कार्बोरेटरमध्ये जातो. एकदा थर सुटला की कुठलंही औषध टाकून पेट्रोल पूर्ववत होत नाही. वरचं उरलेलं पेट्रोलसुद्धा कमी ऑक्टेनचं झालेलं असतं.

शिवाय बहुतेक आउटबोर्ड कंपन्या आपल्या मॅन्युअलमध्ये दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहितात. आपल्याला मिळतं ते वीसचं. त्यामुळे जुने रबरी पाइप, गास्केट आणि पेट्रोलच्या पाइपमधला हातपंपाचा फुगा लवकर कडक होतो किंवा फुगतो. हे पेट्रोल वापरण्यावाचून इलाज नाही, पण ते इंजिनात मुक्कामाला ठेवायचं नाही, हे तर आपल्या हातात आहे. खालची बरीचशी कामं याच एका गोष्टीसाठी आहेत.

सामान आधी जमवा

काम अर्धवट टाकून तालुक्याला पळावं लागलं की ते पुढच्या रविवारवर जातं आणि तिथेच राहतं. त्यामुळे सामान आधी आणा: पेट्रोल स्टॅबिलायझरची (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणाऱ्या औषधाची) बाटली, इंजिनाच्या आत तेलाचा थर देणाऱ्या फॉगिंग ऑइलचा स्प्रे (नाही मिळाला तर चांगलं इंजिन ऑइल आणि दहा मिलीची सुई नसलेली सिरिंज), फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल व फिल्टर, एक लिटर गिअर ऑइल, गिअर ऑइलच्या स्क्रूचे दोन नवे वॉशर, नवे प्लग, पाण्यात न धुपणारं ग्रीस अर्धा किलो, स्प्लिट पिना, ट्रेलरच्या हबचे ऑइल सील, पाव इंची छिद्रांची लोखंडी जाळी आणि दोनशे लिटरचा वरून कापलेला ड्रम.

पहिलं काम: धुणं आणि शेवटचं चालवणं

आपलं पाणी गोडं आहे, खाऱ्या पाण्यासारखं ते धातू खात नाही, म्हणून धुवायची गरज नाही असं बरेच जण धरून चालतात. पण पुराचं पाणी म्हणजे अर्धा गाळ. तो गाळ इंजिनाच्या थंड ठेवणाऱ्या नळ्यांमध्ये बसतो आणि हिवाळ्यात वाळून मातीच्या गोळ्यासारखा कडक होतो. पुढच्या वर्षी इंजिन तापतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

टाकीत पाच-सहा लिटर ताजं पेट्रोल घ्या. त्यात बाटलीवर दिलेल्या प्रमाणात स्टॅबिलायझर टाका आणि टाकी हलवून मिसळा. टू-स्ट्रोक असेल तर ऑइल नेहमीच्या प्रमाणात. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या. मोटरसायकलचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. त्यातल्या धातूयुक्त घटकांची राख पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टनवर आणि प्लगवर साचते.

आता पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा. इंजिन ड्रममध्ये उभं करा आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडून वर चार बोटं पाणी राहील इतका ड्रम भरा. ड्रमऐवजी पाणी ओढायच्या जाळीवर बसणारे रबरी कप आणि नळाचा पाइप असेल तर आधी पाणी सुरू करायचं, मगच इंजिन. कोरडं इंजिन अर्धा मिनिटसुद्धा चालवू नका, कारण आतल्या पाणीपंपाचं रबरी चक्र काही सेकंदांत जळतं.

इंजिन न्यूट्रलमध्ये, कमी रेसवर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. मागून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर लक्ष ठेवा. सुरुवातीला गढूळ येईल, मग स्वच्छ. धार सलग आणि जोरात हवी, बोटाला कोमट लागली पाहिजे. तुटक येत असेल तर इंजिन बंद करून त्या भोकात बारीक तार किंवा नायलॉनचा जाड धागा घाला. तरी सुधारणा नसेल तर चक्र गेलं असं समजा. ड्रममधलं पाणी गढूळ झालं की बदला.

इथे वाटा फुटतात. कार्बोरेटरचं इंजिन असेल तर शेवटी पेट्रोलचा पाइप काढा आणि कमी रेसवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. गळपटायला लागलं की वरचं झाकण उघडून कार्बोरेटरच्या तोंडात फॉगिंग ऑइल मारा. पांढरा धूर निघून ते बंद पडेल. मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून उरलेलं पेट्रोल छोट्या डब्यात काढा. पाइप काढून इंजिन बंद पडलं तरी वाटीत दोन-तीन चमचे पेट्रोल राहतंच, आणि नेमकं तेच आटून जेटची सुईएवढी भोकं बुजवतं. आमच्या मते अख्ख्या यादीतून एकच काम करायचं म्हटलं तर हे करा.

इंजिन फ्युएल इंजेक्शनचं असेल तर पेट्रोल संपवून बंद पाडू नका. त्याचा पंप आणि इंजेक्टर पेट्रोलमुळेच ओले राहतात. तिथे स्टॅबिलायझरचं पेट्रोल आत पोहोचवायचं आणि किल्लीने बंद करायचं.

सिलिंडरला तेल

इंजिन कोमट असतानाच प्लग काढा. किल स्विचची, म्हणजे इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची, लाल क्लिप काढून ठेवा. प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून बांधा, नाहीतर इंजिन फिरवताना इग्निशनच्या यंत्रणेवर ताण येतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये सिरिंजने दहा मिली स्वच्छ ऑइल सोडा आणि दोरी सावकाश पाच-सहा वेळा ओढा, म्हणजे ऑइल भिंतीला सगळीकडे लागेल. प्लगच्या भोकांवर फडकं धरा, तेल अंगावर उडतं.

जुने प्लग पुन्हा हातानेच बसवा. नवे प्लग जूनसाठी ठेवा, कारण पहिल्यांदा सुरू करताना हे तेल जळून प्लग काळे होणारच. नवा प्लग बसवताना आधी हाताने पूर्ण आवळायचा, मग पान्याने अर्धा फेरा. वापरलेला असेल तर पाव फेरा पुरे. अॅल्युमिनियमच्या आट्या एकदा गेल्या की खर्च मोठा आहे.

इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल

फोर-स्ट्रोकचं ऑइल आत्ताच बदला, पावसाळ्याच्या तोंडावर नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेलं आम्ल आणि ओल असते, आणि ती आठ महिने बेअरिंगवर बसून राहते. इंजिन गरम असतानाच काढलं की गाळही निघून येतो. १५ अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनाला साधारण एक लिटर, ४० च्या आसपास पावणेदोन ते दोन लिटर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि शेवटी काडीवरची खूण खरी धरा. नवीन ऑइल भरल्यावर पाण्याच्या ड्रममध्ये एखादं मिनिट चालवावं लागतं, म्हणून फोर-स्ट्रोकमध्ये आधी ऑइल बदलून मग सिलिंडरला तेल द्यायचं, असा क्रम ठेवा.

गिअर ऑइलला मात्र वेळ द्या, कारण इथे इंजिन तुम्हाला स्वतःच सांगतं की आत काय चाललंय. खाली पंख्यापाशी एक स्क्रू असतो आणि वर, आडव्या पट्टीच्या जवळ, दुसरा. खाली पसरट भांडं ठेवा. आधी खालचा काढा, मग वरचा, म्हणजे ऑइल धारेने येईल. खालच्या स्क्रूला बहुतेक चुंबक असतो. त्यावर काळी बारीक पावडर दिसली तर चिंता नको. चकाकणारे तुकडे दिसले तर गिअरचे दात गेलेत.

ऑइलचा रंग बघा. काळपट-तपकिरी ठीक. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय. काही वेळा ऑइलच्या आधी निव्वळ पाणीच येतं, कारण ते जड असल्याने खाली बसतं. बर्फाच्या प्रदेशात हेच पाणी गोठून गिअरबॉक्स फोडतं. इथे फुटणार नाही, पण बेअरिंगला गंज चढेल आणि भर पुरात आवाज करत अडकेल. पाणी जायचं कारण तलावांवर बहुतेक एकच असतं: जाळ्याचा नायलॉन. पंखा काढल्यावर त्याच्या दांड्यावर, मागच्या बाजूला नीट बघा. केसाएवढा तंगूस गुंडाळलेला असतो, तो आत सरकत सरकत सील कापतो. पातळ सुरीच्या टोकाने, सीलला न लागता, पूर्ण काढा. ऑइल दुधाळ असेल तर सील बदलल्याशिवाय बोट ठेवू नका. नुसतं नवीन ऑइल टाकून महिना-दोन महिने ढकलता येतात, पण आतला गंज थांबत नाही.

भरताना खालून भरायचं. बाटलीचं तोंड किंवा पंप खालच्या भोकाला लावून वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, त्यानंतरच खालची नळी काढून चटकन खालचा. दोन्हीला नवे वॉशर. वरून भराल तर आत हवा अडकते आणि गिअर अर्धा कोरडा राहतो. १५ अश्वशक्तीला साधारण पाव लिटर, ४० ला ४३० मिलीच्या आसपास लागतं. मरीन गिअर ऑइल मिळालं तर उत्तम, नाही तर मॅन्युअल परवानगी देत असेल तर जीएल-५ दर्जाचं ९० नंबरचं.

पंख्याच्या दांड्याला, सुकाणूच्या नळीला, इंजिन वर उचलायच्या खिटीला आणि जिथे ग्रीसचं निप्पल दिसेल तिथे ग्रीस भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. पंख्याची पाती वाकली असतील तर आत्ताच दुरुस्तीला द्या. हे काम गावात होत नाही आणि जूनमध्ये घाईने कुणी करून देत नाही.

पाणीपंपाचं चक्र

गढूळ पाण्यात चालणाऱ्या इंजिनाचं रबरी चक्र दर वर्षी बदला. स्वच्छ तलावातलं दोन वर्षं चालतं. गिअरबॉक्सचे चार-पाच बोल्ट आणि गिअरची जोडकाडी सोडली की खालचा भाग उतरतो, वर पंपाचं झाकण दिसतं. चक्राची पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील, कडा झिजल्या असतील किंवा रबर चमकत असेल तर ते टाकून द्या. एखादं पातं तुटलेलं असेल तर तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, तो वरच्या नळीत अडकलेला असतो. दांड्यावरची छोटी चावी हरवू नये म्हणून तिला ग्रीसचा ठिपका लावून चिकटवा. नव्या चक्राला ग्लिसरिन किंवा साबणाचं पाणी लावा, आणि झाकण खाली दाबताना दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा म्हणजे पाती योग्य बाजूला झुकतील. झाकणाखालच्या स्टीलच्या पट्टीवर खोल ओरखडे असतील तर तीही बदला.

इंजिन कसं ठेवायचं

उभं. बोटीवर किंवा लाकडी स्टँडवर, पण उभं, म्हणजे उरलेलं पाणी आपोआप निथळतं. जागेअभावी आडवं ठेवावंच लागलं तर आधी पूर्ण दिवस उभं निथळू द्या, कोणत्या कुशीवर ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि इंजिनाचं डोकं पंख्यापेक्षा वर राहील असं ठेवा. डोकं खाली गेलं की राहिलेलं पाणी एग्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये उतरतं.

पेट्रोलची सुटी टाकी रिकामी करा. टू-स्ट्रोकचं मिसळलेलं पेट्रोल फवारणीच्या किंवा गवत कापायच्या टू-स्ट्रोक यंत्रात, प्रमाण जुळत असेल तर, लगेच वापरून टाका. जुन्या पेट्रोलबद्दल शंका असेल तर पांढऱ्या काचेच्या बाटलीत थोडं घ्या आणि रात्रभर न हलवता ठेवा. तळाशी रेघ दिसली की ते कुठल्याही इंजिनात घालू नका, आणि नाल्यात, बोडीत किंवा धुऱ्यावरही ओतू नका. टाकी उघडी करून सावलीत वाळवा, मग झाकण लावा. हे सगळं मोकळ्यावर करा; शेडमध्ये, चुलीजवळ किंवा बिडी पेटलेली असताना नाही.

बॅटरी

सेल्फ स्टार्ट असेल तर बॅटरी काढून घरी न्या. आधी उणे टोकाची वायर सोडा, मग अधिकची. बारा तास शांत ठेवून मोजल्यावर १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. साठ अँपिअर-तासाच्या बॅटरीला सहा अँपिअरपेक्षा जास्त चार्जर नको. डिस्टिल्ड पाण्याची पातळी बघा, टोकांना व्हॅसलिन लावा. महिन्यातून एकदा मोजा. एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांनी, कारण उन्हाळ्यात बॅटरी स्वतःहून जास्त वेगाने उतरते.

बोटीचं अंग

तळाचं बूच काढा आणि सुकाणूला किंवा किल्लीला बांधून ठेवा, म्हणजे जूनमध्ये बूच न लावता कुणी बोट पाण्यात ढकलणार नाही. ट्रेलरचं पुढचं टोक वीतभर उचलून ठोकळ्यावर ठेवा, पाणी मागून निघून जाईल. फळ्या, जाळ्या, फोम, सगळं बाहेर काढून उन्हात वाळवा.

फायबरच्या बोटीत इंजिन जिथे अडकवतात त्या मागच्या फळीकडे लक्ष द्या. आत बहुतेक प्लायवूड असतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंचाइंचावर ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत लाकूड कुजलंय. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांमधून पाणी शिरलेलं असतं. भोकं पूर्ण वाळवून मगच इपॉक्सीने भरा. ओली असताना भरलीत तर ओल आतच कोंडली जाईल.

हवेची रबरी बोट घडी घालून पोत्यात कोंबणं, हा तिचा सगळ्यात वाईट शेवट. घडीत ओल राहते, कापडाला बुरशी लागते, घडीवर चिरा पडतात आणि उंदरांना घर मिळतं. धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, सांध्यांतला गाळ मऊ ब्रशने काढा, टाल्कम पावडर भुरभुरवा आणि अर्धी हवा भरून दोन रुंद पट्ट्यांवर टांगा किंवा फळीवर ठेवा. पूर्ण फुगवून ठेवू नका. मेच्या उन्हात टिनाखाली हवा फुगते आणि सांधे सुटतात. ठिगळ लावायचं असेल तर कापड पीव्हीसी आहे की हायपालॉन हे आधी बघा, दोघांचा डिंक वेगळा.

लाइफ जॅकेट साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि तारेवर टांगा. ढीग करून ठेवलेल्या जॅकेटमधला फोम उंदीर काढून नेतात, आणि हे बाहेरून कळतसुद्धा नाही.

ट्रेलर

बोट उतरवताना गरम झालेला हब एकदम थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत ओढलं जातं. म्हणून दर हंगामानंतर हब उघडा. चाकांना दगड लावा, जॅकने एक बाजू उचला, अॅक्सलखाली ठोकळा घाला. टोपी काढा, स्प्लिट पिन सरळ करून काढा, नट सोडा, चाक ओढा. बाहेरचं आणि आतलं बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन वाळवा. रोलरवर किंवा वाटीवर निळसर डाग, खड्डे किंवा गंजाच्या रेघा असतील तर बेअरिंग आणि वाटी दोन्ही बदला. बेअरिंगवर कोरलेला नंबर ट्रेलरच्या दांडीवर पेंटने लिहून ठेवा. गावातल्या वर्कशॉपात बनवलेल्या ट्रेलरला कोणत्या गाडीचे हब लागलेत हे पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. सील नवं लावा. नट चाक फिरवत फिरवत आवळा, चाक जड वाटलं की पाव फेरा सैल करून पहिल्या भोकात नवी पिन घाला. चाक सहज फिरलं पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये.

दोन्ही बाजू ठोकळ्यांवर ठेवून चाकांवरचा भार काढा. लाकडी ठोकळा जमिनीवर ठेवला तर उधई लागेल, खाली वीट किंवा फरशी घाला. टायरवर ऊन येत असेल तर जुन्या फ्लेक्सचा तुकडा टाका. विंचचा पट्टा पूर्ण उलगडून धुवा, वाळवा, उसवलेले टाके बघा.

शेड, झाकण आणि उंदीर

धानाच्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत, हे काम नेमकं मळणीच्या दिवसांत येतं आणि शेडमध्ये बोटीशेजारी तणस रचलं जातं. तसं करू नका. यवतमाळ-वर्ध्याकडे पऱ्हाटीच्या ढिगाबाबतही तेच. आगीची भीती आहेच, पण त्याहून रोजची अडचण उंदरांची. इंजिनाच्या झाकणाखाली उबदार, अंधारी जागा असते. तिथे तणसाचं घरटं होतं आणि वायरी कुरतडल्या जातात. झाकणाच्या खालच्या फटी आणि हवा आत यायची जागा पाव इंची जाळीने बंद करा. आत कापूस किंवा पोत्याचं कापड कोंबू नका, उंदरांना तेच हवं असतं.

दुसरी शत्रू कुंभारमाशी. पाण्याच्या धारेचं भोक, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक, ट्रेलरच्या उघड्या नळ्या, कुठेही ती मातीचं घर करते. प्रत्येक भोकाला फडक्याची बोंडी लावा, तिला लाल चिंधी बांधा आणि किती लावल्या ते पाटीवर लिहा.

ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. बांबूचा आडा करून उतरती टाका आणि दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा ठेवा, नाहीतर दवाचं पाणी आतच फिरत राहील. दोऱ्या ट्रेलरला बांधा. चिंचेच्या, आंब्याच्या झाडाखाली बोट नको, वानरं ताडपत्री फाडतात आणि वर नाचतात.

इंजिनाला एक पाटी अडकवा: कोणत्या तारखेला काय केलं, कोणतं ऑइल, काय बदलायचं राहिलं. संस्थेच्या बोटीला तर ही पाटी हवीच, कारण ठेवणारा आणि काढणारा माणूस बहुतेक वेगळा असतो.

हिवाळाभर बोट चालूच असेल तर

मासेमारीची बोट रोज पहाटे निघते, तिला वरचं सगळं लागू नाही. तिने इतकंच पाळावं: टाकी रात्री शक्यतो भरलेली ठेवा, म्हणजे दमट हवेला आत जागा राहत नाही. सकाळी टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक उघडा, फुगा कडक होईपर्यंत दाबा, चोक पूर्ण ओढा. सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं न्यूट्रलमध्ये राहू द्या. थंड ऑइल जाड असतं, लगेच रेस दिली तर वरच्या भागापर्यंत ते पोहोचलेलं नसतं. परतल्यावर इंजिन वर उचलून ठेवण्याआधी मिनिटभर सरळ उभं निथळू द्या.

महिन्याचं आणि मेमधलं काम

महिन्यातून एकदा झाकण उघडून उंदरांची लेंडी, गंज आणि ओल बघा, आणि प्लग न काढता, क्लिप काढलेली ठेवून, दोरी दोनदा सावकाश ओढा. होळीनंतर रबरी बोटीची हवा थोडी कमी करा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, मृगाची वाट न बघता, बोट बाहेर काढा. लाल चिंध्या मोजून काढा. पेट्रोलचा पाइप वाकवून बघा, चीर दिसली तर बदला. फुगा मऊ राहतोय का, आतला व्हॉल्व्ह धरतोय का ते बघा. ताजं पेट्रोल घाला, जुन्या प्लगवर ड्रममध्ये सुरू करा, धूर संपेपर्यंत पाच-दहा मिनिटं चालवा, मग नवे प्लग लावा. बूच लावून बोट खऱ्या पाण्यात वीस मिनिटं फिरवा. पुढे, मागे, पूर्ण रेस. किल स्विचची क्लिप ओढून इंजिन बंद होतंय का, हेही बघा. बोटीच्या पेटीत प्लगचा जोड, शिअर पिना, स्टार्टरची दोरी, चक्राचा किट, फ्यूज, पाना आणि पक्कड ठेवा.

पुराच्या बोटीला मात्र जून ते सप्टेंबर कोणत्याही रात्री निघावं लागतं, म्हणून पेट्रोल तयार हवं आणि शिळंही नको. टू-स्ट्रोक असेल तर दहा लिटरच्या कॅनमध्ये साधं, न मिसळलेलं पेट्रोल ठेवा आणि त्याच्या कडीला २०० मिली टीसी-डब्ल्यू३ ऑइल मोजून भरलेली बाटली बांधा. निघताना ती ओतली, कॅन हलवला, की मिश्रण तयार. दर तीन आठवड्यांनी न वापरलेलं पेट्रोल कुणाच्याही मोटरसायकलमध्ये घाला, कॅन पंपावर पुन्हा भरून आणा, आणि त्याच दिवशी इंजिन दहा मिनिटं ड्रममध्ये चालवा.